सूतिकागृहातलं एकोणसत्तर सालचं रजिस्टर

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला कुरणोळीच्या सोनाबाई सूतिकागृहातलं लोखंडी कपाट उघडलं, आणि त्यातून एक अख्खं साल गायब झाल्याचं उघडकीला आलं.

साल म्हणजे रजिस्टर. बेचाळीस वर्षांत त्या दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक पोराची नोंद जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत होती. वर्षाला एक वही, आणि दहा वह्यांचं लाल कापडात बांधलेलं एक बासन. एकसष्ट ते सत्तरच्या बासनात दहा वह्या असायला हव्या होत्या, त्या नऊच निघाल्या. एकोणसत्तर नव्हतं.

दवाखाना बंद होऊन तीस वर्षं लोटली होती. इतके दिवस त्या वह्यांना कुत्रंही हुंगत नव्हतं. पण येत्या रविवारी तिथं मोठा सोहळा होता. इमारतीला रंग देऊन तिचं सभागृह केलं होतं आणि दवाखान्याच्या इतिहासाचं पुस्तक छापून तयार होतं. ऐन शेवटच्या घटकेला चोरी झाली म्हटल्यावर ट्रस्टचे अध्यक्ष बाहुबली शेटे यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी थेट कोल्हापूरला, शाहूपुरीत राहणाऱ्या चंदना मगदूमला फोन लावला.

“चंदनाताई, आमचं एक साल चोरीला गेलंय बगा. तुम्ही या. चोर कोण ते आमास्नी ठावं हाय, वही तेवढी हुडकून द्या.”

चंदनानं पस्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात काढली होती. हरवलेला कागद कुठं गेलाय हे तिला वासानं कळतं, असं तिचे जुने सहकारी म्हणत. आणि कुणी म्हणालं नाही तर ती स्वतःच सांगून टाकी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि घरात हरवायला चष्म्याशिवाय काही नव्हतं, त्यामुळे फोन ठेवताना ती मनातून खूश झाली होती. शिवाय सोनाबाई सूतिकागृह म्हणजे तिचं बालपण. तिची आई अंबूबाई, म्हणजे तिची अव्वा, तिथं सत्तावीस वर्षं मेट्रन होती. आता ती शहाऐंशी वर्षांची होती, पण कुरणोळीत अजून सगळे तिला ‘सिस्टर’च म्हणत. रविवारच्या सोहळ्यात पहिला सत्कार तिचाच होता. सोहळ्यात लावायच्या फोटोसाठी चंदनानं तिला बुधवारीच कुरणोळीला नेऊन आणलं होतं.

“चोर कोण म्हणताय तुम्ही?” चंदनानं विचारलं होतं.

“कांबळ्याचा प्रसेनजीत. आमच्या तानूबाईचा नातू. रविवारपातूर वही मिळाली न्हाय तर सोमवारी मी पोलिसात कागद देतो.”

“दम धरा की,” चंदना म्हणाली. “मी येईपर्यंत बासनाला हात लावू नका.”

२

जुन्या औषधांच्या खोलीत तिघंजण तिची वाट बघत होती. बाहुबली शेटे खुर्चीत बसले होते. बियाण्यांचा धंदा, वय सत्तरीचं, दवाखाना काढणाऱ्या मोठ्या आण्णांचे हे थोरले चिरंजीव. शेजारी त्यांची सून स्नेहल, जिनं दवाखान्याचा इतिहास लिहिला होता. आणि भिंतीला टेकून उभा होता अठ्ठावीस वर्षांचा प्रसेनजीत. त्याला खुर्ची आहे का, हे कुणी बघितलेलं दिसत नव्हतं.

बाळंतपणांच्या इतिहासावर तो पीएच.डी. करत होता. ट्रस्टच्या लेखी परवानगीनं दोन महिने रोज इथं येऊन त्यानं बावन्न सालापासून एकेक वही वाचायला घेतली होती. जूनमध्ये त्याला कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू व्हायचं होतं. पोलिसात नाव गेलं की नेमणुकीचं पत्र तिथंच थिजणार, हे खोलीतल्या चौघांनाही कळत होतं.

“कुठपर्यंत वाचून झालं होतं?” चंदनानं विचारलं.

“अडुसष्ट बुधवारी संपलं. म्हणजे आता एकोणसत्तर घेणार होतो. सगळ्यांसमोर म्हणालतो की मी, फोटोच्या वेळी. तुम्हीपण होता.”

होती खरी. चंदनाला आठवलं.

“ऐका! ह्याला तीच वही पायजे हुती,” बाहुबली म्हणाले.

“वाचायला पाहिजे होती, दादा. चोरायची कशाला? टेबलावर तर होती.”

चंदनानं बासनाकडं मोर्चा वळवला. लाल कापड नीट घडी घालून आवळलेलं होतं. सुती नाडीची एक घट्ट गाठ, मग दोन बोटं मोकळी सोडून दुसरी तेवढीच घट्ट गाठ. ती गाठ तिला कुठंतरी बघितल्यासारखी वाटली. पण कुठं ते काही केल्या आठवेना.

“हे कुणी बांधलं?”

“मी न्हाय,” प्रसेनजीत म्हणाला. “बुधवारी चारला फोटोसाठी हाक आली तवा बासन सुटं टाकून मी पायऱ्यांवर गेलतो. पाचला परत आलो तर हे बांधलेलं. मला वाटलं वहिनींनी आवरलं असंल. तसंच कपाटात सारलं, कुलूप घातलं. काल मी कोल्हापुरात हुतो. आज उघडलं तर नऊच.”

“मी या खोलीत आलेच नव्हते,” स्नेहल म्हणाली.

“तर काय, भुतानं बांधलं!” बाहुबली गरजले.

चंदना मात्र खुलली. चोराला पळायची घाई असते. हा चोर थांबला, उरलेल्या नऊ वह्या कापडात घेतल्या, घडी घातली, दोन गाठी मारल्या. म्हणजे ज्याला उघडं पडलेलं बघवत नाही असा कुणीतरी. आणि गाठ हाताची असते, डोक्याची नसते. माणूस खोटं बोलताना विचार करतो, गाठ मारताना करत नाही. तिनं बासन सोडून नाडी खिशात टाकली.

“बुधवारी चार ते पाच इथं कोण कोण येऊन गेलं?”

“फोटोच्या गडबडीत सगळीच आत-बाहेर करत होती,” प्रसेनजीत म्हणाला. “सिस्टरआज्जी तेवढ्या इथं स्तोत्र म्हणत बसलेल्या. कुणी आत आलेलं दिसलं का, त्यांना विचारा की.”

“विचारते,” चंदना म्हणाली आणि वहीत टिपून घेतलं: साक्षीदार, अव्वा.

३

मग तिनं एकेकाला गोडीत घेतलं. बोलता बोलता नाडी पुढं करायची आणि म्हणायचं, जरा हे बासन बांधून द्या हो, माझी बोटं दुखतात.

बाहुबलींनी बियाण्याच्या पोत्याला मारावी तशी सुरगाठ मारली, टोक ओढलं की सुटणारी. स्नेहलनं बुटाच्या नाडीसारखं फूल केलं. प्रसेनजीतनं नाडी बाजूला ठेवून कापडाचीच चार टोकं एकमेकांत बांधली, भाकरीचं फडकं बांधतात तशी. तिघांच्या तीन तऱ्हा, आणि हवी होती ती एकाचीही नव्हती.

“एकोणसत्तर सालात काय विशेष होतं?” तिनं बाहुबलींना विचारलं.

सुरगाठ मारणारा हात मध्येच थांबला.

“काय असणार? पोरं जन्मली. दुसरं काय हुतंय बाळंतखान्यात?”

“त्या काळात इथला कारभार...”

“मोठ्या आण्णांचं नाव घेऊ नका यात,” ते एकदम म्हणाले. त्यांच्या आण्णांचं नाव अजून कुणी घेतलंच नव्हतं.

स्नेहलनं पुस्तकाची प्रत पुढं ठेवली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं की सोनाबाई सूतिकागृहाच्या दारात कधी कुणाची जात विचारली गेली नाही.

“हे कुठून घेतलंस?”

“मामंजींनी सांगितलं,” स्नेहल म्हणाली. “सगळेच सांगतात. सिस्टरांनीही मुलाखतीत हेच सांगितलं की.”

भिंतीजवळून प्रसेनजीत बोलला. आवाज चढवला नाही.

“वॉर्डात खाटा बारा हुत्या. रजिस्टरात प्रत्येक बाईसमोर खाटेचा नंबर हाय. पण दरवर्षी पाच-सहा बायका अशा निघतात, ज्यांच्यासमोर नंबर न्हाय. नुसतं ‘मागे’ लिवलंय. त्या सगळ्या आमच्या वस्तीतल्या हायत. धर्मांतर झाल्यावरसुद्धा त्यांच्यापुढं जात जुनीच लिवलीया.”

“मागे म्हणजे कुठं?” स्नेहलनं विचारलं. लिहिणारीलाच ठाऊक नव्हतं.

“ते माझ्या आज्जीला विचारा. ती इथंच कामाला हुती, आणि एकोणसत्तर साली ती तिथंच बाळंत झाली.”

बाहुबली ताडकन उठले. “बगा! काढला का न्हाय चोर? ह्याच्या घरातलीच भानगड हाय त्या वहीत. म्हणूनच पळवली!”

प्रसेनजीतच्या बाजूनं बोलावं असं चंदनाला वाटलं. पण त्या क्षणी बाहुबलींचं म्हणणं तिलाही खरंच वाटलं होतं, म्हणून ती काही बोलली नाही.

४

तानूबाई चौऱ्याहत्तर वर्षांची, काटक, कानानं तिखट. वस्तीतल्या घरासमोर म्हशीसाठी गवताचा भारा सोडत बसली होती. चंदनाला बघून तिनं हात झाडले.

“सिस्टरची चंदा न्हवं तू? ये, बस.”

वही हरवल्याचं आणि नातवावर आळ आल्याचं तिला कळलं होतं. ती रडली नाही, की तिनं गयावया केली नाही. “चल, जागा दावते,” म्हणाली, आणि चंदनाला दवाखान्याच्या मागच्या अंगाला घेऊन गेली.

तिथं पत्र्याची एक पडवी होती. आता त्यात जनरेटर ठेवला होता. पलीकडं वॉर्डाचं मागचं दार दिसत होतं.

“इमारतीच्या नकाशात हा गोठा आहे,” चंदना म्हणाली.

“गोठाच हुता. पर गुरं कवा बांधली न्हाईत. आमी हुतो की.” तानूबाई सहज सांगत होती. “तवा मी अठरा वर्साची. हितं झाडायला, धुवायला हुते. दिवस भरले तवाबी पाणीच भरत हुते. माझं पयलं बाळ हितं झालं. सिस्टर म्हणाली, मेलेलंच आलंय. म्हणाली, जड घागरी उचलल्यास, म्हनून असं झालं. सासूनं मला त्यावरनं जल्मभर बोलून घेतलं. पोर खाल्लंस म्हणायची.”

लहानपणी चंदना याच आवारात खेळली होती. तानूमावशीच्या कडेवर बसून तिनं पेरू काढले होते. या पडवीकडं जायचं नाही, तिकडं विंचू असतात, असं अव्वानं सांगितलं होतं, आणि साठी उलटली तरी तिकडं का जायचं नाही असं तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला आता तानूबाईकडं बघवेना.

तरी जित्याची खोड. परत आल्यावर तिनं नाडी पुढं केली. तानूबाईनं गवताच्या भाऱ्याला घालतात तसा पीळ दिला आणि टोक आत खोचलं. गाठच मारली नाही.

“मावशी, पोरांच्या नाळा तुम्ही बांधायचा का?”

“न्हाय गं बाई. धाग्याला हात लावायची आमास्नी मुभाच न्हवती. धुवायचं, पुसायचं, उचलायचं. नाळ सिस्टरच बांधायची. मागंबी तीच यायची.”

“कशी बांधायची?”

तानूबाईनं पदराची कड चिमटीत धरली. “हितं एक आवळायची. दोन बोटं सोडून हितं दुसरी. आन मग मधी कात्री.”

चंदनानं बासनावरची ती गाठ ओळखली. ती स्वतःला समजावू लागली की तशी गाठ दवाखान्यातल्या प्रत्येक डॉक्टरला येत असणार. पण दवाखान्यातले डॉक्टर केव्हाच वारले होते.

५

ती शाहूपुरीत घरी पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. अव्वा स्वयंपाकघरात होती. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं हा तिचा आयुष्यभराचा नेम, त्यामुळे ताट वाढून ठेवलं होतं. आणि उद्याच्या श्रीखंडासाठी ती दही टांगत होती.

पांढऱ्या फडक्यात दही ओतून तिनं तोंड गोळा केलं. दोऱ्याची एक गाठ आवळली. दोन बोटं ठेवली. दुसरी गाठ आवळली. मग ती पुरचुंडी नळाला अडकवून तिनं हात धुतले.

चंदनानं ही पुरचुंडी आजवर हजार वेळा सोडली असेल. पस्तीस वर्षं लोकांचे हरवलेले कागद शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या नळावर टांगलेलं दिसलं नव्हतं.

आणि मग एकामागून एक सगळं जुळत गेलं. बुधवारी पहिल्या फोटोनंतर अव्वा म्हणाली होती, मी दमले, मला आत बसव, स्तोत्र म्हणते. त्या खोलीत तिला बसवलं कुणी? चंदनानं. एकोणसत्तर आता वाचायला घेणार, हे प्रसेनजीत पाचच मिनिटं आधी तिच्या देखत बोलला होता. मग, जेवायची वेळ टळेल, लवकर चल, म्हणून अव्वानं घाई केली. वाटेत गावातल्या बायकांनी वांगी-काकड्या दिल्या होत्या, म्हणून पिशवी जड लागली. ती पिशवी गाडीपर्यंत उचलली कुणी? जिन्यावरून वर आणली कुणी?

चोरीचा माल चंदनानं स्वतःच्या हातानं घरी आणला होता.

“अव्वा,” ती म्हणाली, “वही कुठंय?”

म्हातारीनं हात पुसले, अगदी सावकाश. कसली वही, असं तिनं विचारलं नाही. आतल्या खोलीत जाऊन तिनं ट्रंक उघडली, घडी केलेल्या वाकळेखालून एकोणसत्तर सालचं रजिस्टर काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग त्याच टेबलावरच्या ताटावर झाकण घातलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

६

पान शोधावं लागलं नाही. वही तिथंच उघडली.

अक्षर अव्वाचं होतं, टपोरं, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेलं. तानू कांबळे, वय अठरा. खाट: मागे. जिवंत जन्म. पंधरा मिनिटांनी श्वास मंद. ऑक्सिजन पुढील वॉर्डात. पुढील वॉर्डात रिकाम्या खाटा सात. हलवण्यास परवानगी नाही. चाळीस मिनिटांनी मृत. खाली सही.

चंदनानं ते दोनदा वाचलं. “तू तानूमावशीला सांगितलंस, मेलेलंच जन्मलं.”

“व्हय.”

“आणि इथं खरं लिहिलंस?”

“रजिस्टरात खोटं लिवायचं न्हाई, असंच शिकवलतं आमास्नी,” अव्वा म्हणाली. “तोंडानं बोलले. हातानं लिवता आलं न्हाई.”

“परवानगी कुणाची लागत होती?”

“मोठ्या आण्णांची. मागचं बाळंतपण पुढं आणायचं न्हाई, असा हुकूम हुता.”

“लेखी?”

“असले हुकूम लेखी असत्यात व्हय? मी निरोप धाडला. तिकडनं उत्तर आलं न्हाई. मी दारात उभी हुते, चंदा. पंचवीस पावलं हायत पडवीपासनं वॉर्डापातूर. उचलून न्यायचं तेवढं. क्वार्टर गेली असती, नोकरी गेली असती. तुझा बाप वारलेला, तू सहा वर्साची...”

“माझं नाव पुढं करू नकोस,” चंदना ओरडली. पण ओरडताना तिला कळत होतं की ते खरं होतं. ती त्या क्वार्टरमध्ये वाढली होती. तिचं शिक्षण, नोकरी, हा फ्लॅट, हे सगळं अव्वा त्या दारात उभी राहिली त्यावर झालं होतं. शरमेनं तिनं वही मिटून टाकली.

शनिवारी सकाळपर्यंत तिच्या डोक्यात एक युक्ती तयार झाली. रेकॉर्डवाल्यांची जुनीच युक्ती. वही कपाटामागं घसरून पडली होती म्हणायचं. पोरावरचा आळ जाईल, अव्वाचं नावही निघणार नाही, आणि चंदनानं अजून एक हरवलेली वस्तू शोधली म्हणून चार लोक वाहवा करतील. तिनं बाहुबलींना फोन लावला.

“वही सापडली.”

“कुठं?” आणि ती काही बोलायच्या आत तेच म्हणाले, आवाज खाली आणून, “ऱ्हाऊ द्या, नका सांगू. त्या खोलीत सिस्टरच बसल्या हुत्या, मला अंदाज आलाय. कपाटामागं पडली हुती म्हणूया. पोरगंबी सुटंल, सिस्टरबी सुटतील. फकस्त ते पान तेवढं... तुमास्नी कळतंय न्हवं? वडील जाताना मला सांगून गेलेत. मला सगळं म्हाईत हाय.”

तिचीच युक्ती, शब्दाला शब्द, त्यांच्या तोंडून ऐकताना तिला शिसारी आली. आणि तरीही तिनं ‘नाही’ म्हटलं नाही. “बघते,” म्हणाली आणि फोन ठेवला. त्या एका शब्दाची लाज तिला पुढं फार दिवस पुरली.

अव्वा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“उद्या सोहळ्याच्या आधी तानूमावशीकडं जायचं,” चंदना म्हणाली.

“मला जमायचं न्हाई गं.”

“चोरी जमली की.”

म्हातारीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाली, “किती वाजता निघायचं?”

७

रविवारी नऊ वाजता चंदनानं सगळ्यांना तानूबाईच्या घरी बोलावलं. बाहुबली उंबऱ्याशी येऊन थबकले. जन्म कुरणोळीत गेला, पण या घरात ते कधी आले नव्हते. स्नेहल आधीच आत जाऊन सतरंजीवर बसली होती, तेव्हा त्यांनाही यावं लागलं. प्रसेनजीत दाराशी उभा होता. घरात एकच खुर्ची होती. तानूबाईनं ती सिस्टरना दिली.

चंदनानं उभ्या उभ्या सांगितलं. चोरी बुधवारी चार ते पाचच्या दरम्यान झाली. चोरानं बासन परत बांधलं, कारण पसारा टाकून उठायची त्याला सवय नव्हती. “बाहुबलीदादांची सुरगाठ, स्नेहलचं फूल, प्रसेनजीतची चार टोकं, तानूमावशीचा पीळ. बासनाला यातलं काहीच नव्हतं. तिथं दोन गाठी होत्या, मधे दोन बोटं. नाळेची गाठ. ती मारणारं एकच माणूस जिवंत आहे, आणि त्या तासाभरात ते त्या खोलीत एकटं होतं. मला प्रसेनजीतनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी साक्षीदार म्हणून लिहून घेतलं, कारण ती माझी आई आहे. वही पिशवीत घालून गाडीपर्यंत मीच नेली. प्रसेनजीत, तुझ्यावर संशय मीपण घेतला होता. माझं चुकलं.”

प्रसेनजीतनं नुसतं आज्जीकडं बघितलं. बरं, असू दे, असं तो म्हणेल अशी तिची अपेक्षा होती, आणि ती अपेक्षा होती याचीही तिला लाज वाटली.

“सिस्टरनी?” तानूबाई म्हणाली. “सिस्टरनी कशाला न्यावी वही?”

अव्वानं वही उघडली. चष्मा लावला. मग तिनं शेरा वाचला. अख्खा वाचला, रिकाम्या सात खाटा, परवानगी नाही, चाळीस मिनिटं. स्वतःची सहीसुद्धा वाचली. स्नेहलनं तोंडाला पदर लावला. बाहुबली जमिनीकडं बघत होते.

तानूबाई पुढं सरकून वहीवर वाकली. मग तिनं विचारलं, “पोरगं हुतं का पोरगी?”

छप्पन वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलेलंही नव्हतं. मेलेलंच आलं म्हटल्यावर कुणाला विचारणार?

अव्वाला ते पाठ होतं, तरी तिनं रकान्यात बोट ठेवून बघितलं. “पोरगी.”

“रडली?”

“रडली, तानू. ‘रडणे चांगले’ असं लिवलंय. मोठ्यांदा रडली.”

“मला ऐकू आलतं,” तानूबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. “मला ऐकू आलतं! मी सांगत हुते समद्यास्नी, माझं बाळ रडल्यालं मला ऐकू आलतं. सासू म्हणाली, भास झाला. नवरा म्हणाला, येडी झालीस. तूबी म्हणालीस, सिस्टर. तूच म्हणालीस, तानू, कळा लई आल्या, तुला भास झाला.”

“व्हय. मीच म्हणाले.”

“छप्पन वर्सं मी सोताला येडी समजले.”

अव्वा खुर्चीवरून उठली आणि खाली सतरंजीवर बसली. तिनं हात जोडले. तानूबाईनं ते हात धरले नाहीत आणि ढकललेही नाहीत. नातवानं दिलेलं पाणी ती थोडं प्यायली आणि पदरानं तोंड पुसलं.

“पोलिसाचं काय?” तिनं बाहुबलींना विचारलं.

“न्हाय, न्हाय. ते मिटलं,” ते पुटपुटले. “आन बाई, माझ्या वडलांच्या वतीनं मी...”

“हितं नगं.” तानूबाई उठली. खुंटीवरची बरी साडी काढून तिनं खांद्यावर टाकली. “तिकडं मंडपात किती माणसं येणार हायत?”

“तीन-चारशे,” स्नेहल म्हणाली.

“मग म्या साडी बदलते. सिस्टर, तुमचा सत्कार पयला हाय न्हवं? माइक तुमच्याच हातात येणार. वही संगट घ्या. त्या समद्यांच्यासमोर सांगा, तानूची पोरगी रडली हुती म्हनून.”

ती आत गेली. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. अव्वानं वही छातीशी धरली आणि उठायला आधार म्हणून लेकीकडं हात केला.

चंदनानं तिला उठवलं. वही जड होती, पण या वेळी ती तिनं अव्वालाच उचलू दिली.